फेडरल नोकरीत ग्रेड चुकीची वाटतेय? क्लासिफिकेशन अपील कसं करायचं, अगदी पहिल्यापासून

हे सगळं अमेरिकेत फेडरल सरकारच्या नोकरीत असलेल्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांच्या एसएफ-५० वर (नोकरीतल्या नेमणूक-बदलांची नोंद असलेला सरकारी फॉर्म) पे प्लॅनच्या रकान्यात जीएस, म्हणजे जनरल शेड्यूल ही पगारपद्धत, लिहिलंय त्यांच्यासाठी (डब्ल्यूजी, म्हणजे ट्रेड्सची कामं करणारे, त्यांचं थोडं वेगळं असतं, ते खाली सांगतो). राज्य सरकार, काउंटी, स्कूल डिस्ट्रिक्ट, पोस्ट ऑफिस यांचे नियम वेगळे, त्यांनी यातलं काही स्वतःला लावू नका.

गोष्ट साधारण सगळ्यांची सारखीच असते. दोन-तीन वर्षं काम करताय, काम वाढलंय, पूर्वी जे बॉस करायचा ते आता तुम्ही करताय, शेजारच्या क्युबमधला माणूस तेच करतो आणि तो जीएस-१२, तुम्ही मात्र ११ वरच. मग तुम्ही एचआरला ईमेल टाकता, ते रिव्ह्यू करतात आणि दोन पानांचं उत्तर येतं की तुमची पोझिशन योग्य प्रकारे क्लासिफाय केलेली आहे (म्हणजे तिची ग्रेड बरोबर ठरवलीये), धन्यवाद. बहुतेक लोक इथेच चिडून गप्प बसतात. गप्प बसायची गरज नाही, कायद्याने अपील करता येतं, पण ते चिडून करायचं नसतं, कारण चिडून लिहिलेल्या अपिलातल्या निम्म्याहून जास्त मुद्द्यांना तिथे शून्य किंमत असते.

आधी डोक्यातून काय काढायचं

ग्रेड खुर्चीची असते, खुर्चीवर बसलेल्या माणसाची नसते. १९४९ च्या क्लासिफिकेशन ॲक्टपासून हे असंच चालू आहे, आता तो कायदा अमेरिकन कायदेसंहितेतल्या टायटल ५ च्या चॅप्टर ५१ मध्ये आहे. जीएसच्या १५ ग्रेड, आणि प्रत्येक पोझिशनची ग्रेड ठरते ती कामाची अवघडता, जबाबदारी आणि लागणारी पात्रता यावरून. पात्रता म्हणजे कामाला लागणारी, तुमच्याकडे असलेली नाही, हा फरक नीट समजून घ्या. तुमच्याकडे पीएचडी असेल पण कामाला बॅचलर्सपुरतं ज्ञान लागत असेल तर तुमची पीएचडी भिंतीवरच.

याच न्यायाने पुढच्या गोष्टींचा काही उपयोग होत नाही: मी खूप काम करतो (कामाचं प्रमाण हा ग्रेडचा निकषच नाही), मी फार चांगलं काम करतो, रेटिंग दरवर्षी आऊटस्टँडिंग आहे (त्यासाठी अवॉर्ड असतात, क्वालिटी स्टेप इन्क्रीज असते, म्हणजे त्याच ग्रेडमध्ये पगाराची एक जादा पायरी), मी शनिवारी पण येतो, आमच्या ऑफिसात हे काम जमणारा मी एकटाच आहे, बॉस सुट्टीवर गेला की मीच सांभाळतो. शेवटचं तर सगळ्यांना फार मोठं वाटतं, पण दुसऱ्याच्या गैरहजेरीत केलेलं काम ग्रेडसाठी धरतच नाहीत.

आणि शेजारचा जीएस-१२. हा मुद्दा सगळ्यात जास्त टोचतो आणि अपिलात तो चालत नाही, कारण ओपीएम (ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट, फेडरल नोकऱ्यांचे नियम बघणारी एजन्सी) फक्त तुमचं काम आणि त्यांचं पब्लिश केलेलं स्टँडर्ड, म्हणजे ग्रेड ठरवायचे लेखी निकष, यांचीच तुलना करतं, दोन पोझिशन्सची एकमेकांशी तुलना करून निर्णय देत नाही. कदाचित शेजाऱ्याचीच ग्रेड चुकीची असेल, कोणी सांगावं. एकाच एजन्सीत अगदी एकसारख्या पोझिशन्स वेगवेगळ्या ग्रेडवर आहेत असं खरंच वाटत असेल तर ते एचआरला वेगळं लेखी कळवा, त्यांनी सुसंगती ठेवायची असते, पण अपिलाचा मुख्य आधार ते करू नका.

कशावर अपील होतं आणि कशावर नाही

होतं ते असं: ग्रेड, ऑक्युपेशनल सिरीज (तो चार आकडी नंबर, ०३४३, २२१० वगैरे), तुमची पोझिशन जीएसखाली येते की दुसऱ्या पे सिस्टीमखाली, आणि काही वेळा टायटल, जर ते टायटल स्टँडर्डमध्ये ठरवून दिलेलं असेल तर.

सिरीजकडे लोक दुर्लक्ष करतात पण कधीकधी खरी गोम तिथेच असते. काही सिरीज वन-ग्रेड इंटर्व्हलच्या, म्हणजे ऑफिस सपोर्ट प्रकारच्या, उदाहरणार्थ ०३०३, आणि काही टू-ग्रेड इंटर्व्हलच्या, म्हणजे ५, ७, ९, ११ अशा चढणाऱ्या, उदाहरणार्थ ०३०१ किंवा ०३४३. तुमचं काम खरं ॲनालिस्टचं आणि खुर्ची असिस्टंटच्या सिरीजमध्ये, असं असेल तर नुसती ग्रेड मागून काही होणार नाही, सिरीजवर बोलायला लागेल.

होत नाही ते असं: स्टँडर्डच चुकीचं आहे अशी तक्रार, अजून फक्त प्रपोज केलेला निर्णय, दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीचं टेम्पररी प्रमोशन किंवा डिटेलवरची (तात्पुरतं दुसऱ्या कामावर पाठवलेली) पोझिशन, आणि पोझिशन डिस्क्रिप्शन बरोबर आहे की नाही हा वाद. या शेवटच्यापासूनच खरं काम सुरू होतं.

पहिली पायरी: पीडी हातात घ्या

पोझिशन डिस्क्रिप्शन, सगळे पीडीच म्हणतात. नोकरी लागली तेव्हा ऑनबोर्डिंगच्या गठ्ठ्यात सही करून दिली असेल आणि नंतर कोणीच उघडली नसेल. ती मागवा, आणि तिच्यासोबत एजन्सीने ग्रेड कशी ठरवली त्याचं इव्हॅल्युएशन स्टेटमेंट पण मागा. हा दुसरा कागद फार महत्त्वाचा कारण तुम्हाला कुठल्या फॅक्टरला कुठली लेव्हल दिलीये ते त्यात असतं. पीडी नंबर तुमच्या एसएफ-५० वरच्या नंबरशी जुळतोय ना तेही बघा, कारण एचआरने दुसरीच पीडी पाठवली आणि त्यावर सगळं अपील लिहून झालं तर मेहनत वाया.

आता पीडी घेऊन बसा आणि गेल्या वर्षभरातलं स्वतःचं काम आठवून प्रत्येक ड्युटीच्या बाजूला लिहा की हे मी करतो का, किती टक्के वेळ, आणि पीडीत नाही पण मी करतो असं काय काय आहे. टक्के अंदाजाने टाकू नका, कॅलेंडर बघा, पाठवलेले ईमेल बघा, टिकेट सिस्टीम असेल तर ती बघा. कारण नियम असा की वरच्या ग्रेडचं काम नेहमीचं, पुन्हा पुन्हा येणारं असायला हवं आणि साधारणपणे किमान २५ टक्के वेळ त्यात जायला हवा, तरच ते ग्रेड ठरवायला धरतात. वर्षातून एकदा केलेलं मोठं प्रेझेंटेशन कितीही गाजलेलं असो, ते त्या २५ टक्क्यात बसत नाही.

पीडी जुनी झाली असेल तर आधी सुपरवायझरकडे जा. शांतपणे, यादी घेऊन. म्हणा की हे काम तुम्हीच मला दिलंय, पीडीत ते नाहीये, अपडेट करूया का. सुपरवायझर हो म्हणाला तर अर्धी लढाई इथेच संपते, कधीकधी अख्खी पण संपते, कारण नवी पीडी क्लासिफाय होताना एजन्सीच ग्रेड वाढवू शकते आणि वाढलेलं काम म्हणून स्पर्धेशिवाय प्रमोशन देऊ शकते, त्याला ॲक्रीशन ऑफ ड्युटीज म्हणतात. नाही म्हणाला तर ते लेखी घ्या. पीडीची अचूकता हा ग्रीव्हन्सचा विषय आहे, म्हणजे एजन्सीच्या किंवा युनियनच्या ग्रीव्हन्स प्रोसिजरमधून तो सोडवायचा असतो, आणि अपील करताना ओपीएम तुम्हाला विचारतं की पीडी बरोबर आहे का, नसेल तर काय चुकलंय आणि दुरुस्त करायला तुम्ही काय केलं. तिथे "काही नाही" असं उत्तर द्यायची वेळ येऊ नये. तरीही पीडीवर एकमत झालंच नाही तर ओपीएम मॅनेजमेंटने खरोखर दिलेलं आणि तुम्ही खरोखर करत असलेलं काम बघून निर्णय देतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, सुपरवायझरने न सांगता स्वतःहून अंगावर घेतलेलं काम धरलं जाईलच असं नाही. काम मॅनेजमेंटने दिलेलं असायला लागतं. तेव्हा "सर मी हे करतोय, चालेल ना" असे जुने ईमेल शोधून ठेवा.

दुसरी पायरी: स्टँडर्ड वाचा आणि गणित करा

ही पायरी लोक सोडतात आणि म्हणून हरतात असं माझं स्पष्ट मत आहे. ओपीएमच्या साईटवर सगळी क्लासिफिकेशन स्टँडर्ड्स फुकट आहेत. तुमच्या सिरीजचं उघडा. कंटाळवाणं आहे, भाषा सरकारी आहे, पण तुमचा निर्णय देणारा माणूस हाच कागद समोर ठेवून बसणार आहे.

सुपरवायझर नसलेल्या बऱ्याचशा पोझिशन्सना फॅक्टर इव्हॅल्युएशन सिस्टीम लागते, नऊ फॅक्टर: लागणारं ज्ञान, सुपरवायझरचं नियंत्रण किती, गाइडलाइन्स किती तयार मिळतात, काम किती गुंतागुंतीचं, कामाचा आवाका आणि परिणाम, कोणाशी संपर्क, संपर्क कशासाठी, शारीरिक कष्ट, आणि कामाची जागा. प्रत्येक फॅक्टरला लेव्हल, प्रत्येक लेव्हलला ठरलेले पॉइंट, मधले पॉइंट नाहीत. बेरीज करायची आणि तक्त्यात ग्रेड बघायची. २३५५ ते २७५० म्हणजे जीएस-११, २७५५ ते ३१५० म्हणजे जीएस-१२, ३१५५ ते ३६०० म्हणजे जीएस-१३. (माणसं सांभाळणाऱ्यांना वेगळं सुपरवायझरी गाइड लागतं, त्यात मी इथे शिरत नाही.)

उदाहरण घेऊ, आयटीतल्या २२१० सिरीजमधली जीएस-११ ची पोझिशन, आपल्याकडचे बरेच जण तिथेच असतात. समजा एजन्सीने असं दिलंय (पहिला आकडा फॅक्टरचा, दुसरा लेव्हलचा): ज्ञान लेव्हल १-७ चे १२५०, नियंत्रण २-४ चे ४५०, गाइडलाइन्स ३-३ चे २७५, गुंतागुंत ४-४ चे २२५, आवाका ५-३ चे १५०, संपर्काचे दोन्ही फॅक्टर मिळून ७५, शारीरिक ५, जागा ५. बेरीज २४३५. जीएस-११.

आता तुम्हाला वाटतं की माझ्याकडे तयार गाइडलाइन्स फार कमी असतात, ३-४ द्यायला हवी होती. ठीक, ३-४ चे ४५०, म्हणजे १७५ वाढले, झाले २६१०. अजून ११ च. गुंतागुंत पण ४-५ मिळाली, ३२५, अजून १०० वाढले, २७१०. अजून ११ च! ४५ पॉइंट कमी. आवाका ५-४ मिळाला, २२५, म्हणजे ७५ वाढले, तेव्हा कुठे २७८५ होऊन जीएस-१२ ची रेषा ओलांडली. म्हणजे तीन वेगवेगळ्या फॅक्टरमध्ये तुम्ही बरोबर आणि एजन्सी चूक असं सिद्ध करायला लागेल. दुसऱ्या बाजूने बघितलं तर नुसतं ज्ञान १-८ ला नेलं, १५५०, तर ३०० वाढून २७३५, पुन्हा २० ने हुकलं, त्याच्या जोडीला आणखी एक फॅक्टर लागेल.

हे गणित आधी करायचं कारण मग कळतं की भांडायचं नेमकं कुठे आणि भांडण्यात अर्थ आहे का. एका फॅक्टरवर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी ग्रेड बदलत नसेल तर वर्ष घालवून काय मिळणार. आणि उलट, आधीच रेषेच्या जवळ असाल तर एकाच फॅक्टरवर सगळा जोर लावा, नऊच्या नऊ फॅक्टरवर वाद घालणारं अपील वाचणाऱ्यालाही थकवतं.

लेव्हल मिळायला त्या लेव्हलचं वर्णन पूर्ण लागू व्हायला हवं. एखादा महत्त्वाचा भाग कमी पडला की खालची लेव्हल देतात, अपवाद म्हणजे तितकाच महत्त्वाचा दुसरा भाग वरच्या लेव्हलचा असून तोल सांभाळला जात असेल तर. म्हणून स्वतःशी प्रामाणिक राहा. नियंत्रणाच्या फॅक्टरमध्ये सगळ्यांनाच २-५ पाहिजे असते, "मला कोण काय सांगतं, मी माझं मीच बघतो". पण २-५ म्हणजे बॉस फक्त मोठी उद्दिष्टं सांगतो, बाकी प्रशासकीय दिशा तेवढी, आणि तुमचं काम तांत्रिकदृष्ट्या अंतिम मानून जवळपास जसंच्या तसं स्वीकारतात. बहुतेक अनुभवी लोक खरं तर २-४ वर असतात: उद्दिष्टं बॉससोबत ठरतात, मुदत चर्चेने ठरते, मधल्या अडचणी तुम्ही सोडवता, शेवटी बॉस एकूण परिणाम बघतो. तुमचा बॉस फार लक्ष घालत नाही याचा अर्थ तो आळशी आहे असाही असू शकतो, त्याने लेव्हल वाढत नाही.

तिसरी पायरी: कुठे फाईल करायचं

जीएसवाल्यांना दोन दरवाजे आहेत. एक, स्वतःच्या एजन्सीकडे अपील. दोन, थेट ओपीएमकडे. दोन्ही एकाच वेळी करता येत नाही. एजन्सीकडे हरलात तर नंतर ओपीएमकडे जाता येतं, पण ओपीएमने निर्णय दिला की परत एजन्सीकडे येता येत नाही. मला विचाराल तर एजन्सीत वरच्या पातळीवर क्लासिफिकेशनची वेगळी, जरा तटस्थ टीम असेल तर आधी तिथे जा, एक जास्तीची संधी मिळते. पण ज्या ऑफिसने आत्ताच नाही म्हटलंय तेच जर परत बघणार असेल तर वेळ कशाला घालवता, सरळ ओपीएम.

ओपीएमचं अपील एजन्सीमार्फत पण पाठवता येतं, तेव्हा त्यांनी ६० दिवसांत ते पुढे पाठवायचं असतं.

डब्ल्यूजी, डब्ल्यूएल, डब्ल्यूएस म्हणजे फेडरल वेज सिस्टीममधल्या ट्रेड्सच्या लोकांना मात्र आधी एजन्सीकडेच जायला लागतं, आणि तिथून नकार मिळाल्यावर १५ दिवसांत ओपीएमकडे. कॅलेंडरचे दिवस बरं का, शनिवार-रविवार धरून.

जीएसला अपील करायची सर्वसाधारण मुदत नाही, कधीही करता येतं. एक मोठा अपवाद: तुमची पोझिशन खाली आणली, त्यात ग्रेड किंवा पगार गेला, आणि तो मागच्या तारखेपासून परत हवा असेल, तर तो बदल लागू झालेल्या तारखेपासून १५ कॅलेंडर दिवसांच्या आत अपील गेलंच पाहिजे. उशिरा केलं तरी अपील ऐकतील, जिंकाल पण, फक्त मधला पगार गेला. डाऊनग्रेडची नोटीस हातात पडली की बाकी सगळं नंतर, आधी एक पानी का होईना अपील पाठवून द्या, तपशील मागून देता येतात.

युनियनबद्दल. युनियनच्या ग्रीव्हन्समधून क्लासिफिकेशनचा वाद चालवता येत नाही, कायद्यातच तो विषय वगळलाय, ग्रेड किंवा पगार कमी झाला असेल तेवढा सोडून. पण युनियनचा माणूस तुमचा प्रतिनिधी म्हणून अपिलात येऊ शकतो, आणि ज्याने आधी दोन-चार अपिलं बघितलीयत असा माणूस मिळाला तर सोनं. वकील घेऊ शकता, पण खरं सांगायचं तर इथे कायद्याच्या डावपेचांपेक्षा स्टँडर्ड माहीत असणं जास्त कामाला येतं.

थांबा, आधी धोका समजून घ्या

ओपीएम तुमची ग्रेड वाढवू शकतं, तशीच ठेवू शकतं, आणि कमी पण करू शकतं. हे तिसरं लोक विसरतात. तुम्ही ज्या फॅक्टरवर भांडताय फक्त तेवढाच नाही बघत, अख्खी पोझिशन पहिल्यापासून तपासतात, आणि एजन्सीने आधी उदारपणे दिलेल्या लेव्हल्स पण उघड्या पडतात. तेव्हा अपील पाठवायच्या आधी एजन्सीचे तुमच्या बाजूने दिलेले पॉइंट सुद्धा स्टँडर्डशी ताडून बघा.

खाली आलीच तर लगेच पगार कापतात असं नाही. तुमची पोझिशन वरच्या ग्रेडवर सलग किमान एक वर्ष क्लासिफाय केलेली असेल तर ग्रेड रिटेन्शन मिळतं, दोन वर्षं जुनीच ग्रेड धरतात. त्यानंतर पगार नव्या ग्रेडच्या कमाल आकड्यापेक्षा वर असेल तर पे रिटेन्शन, त्यात पगार कमी होत नाही पण वार्षिक वाढ अर्धीच लागू होते.

दुसरा धोका जास्त व्यवहारी आहे. काम देणं आणि काढून घेणं हा मॅनेजमेंटचा हक्क आहे. तुम्ही म्हणालात की मी जीएस-१२ चं काम करतोय, तर ते म्हणू शकतात, बरं, उद्यापासून करू नका. वरच्या ग्रेडची कामं काढून दुसऱ्याला दिली की तुमची खुर्ची पुन्हा ११ ची, आणि ओपीएम तर आत्ताचं काम बघतं. बजेट नसलेलं ऑफिस नेमकं हेच करतं. म्हणून सुपरवायझरशी संबंध शक्य तितके नीट ठेवून हे सगळं करा, त्याला आश्चर्याचा धक्का देऊ नका.

तिसरं, मागचा पगार. "तीन वर्षं १२ चं काम केलं, तीन वर्षांचा फरक द्या" हे होत नाही. १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने युनायटेड स्टेट्स विरुद्ध टेस्टान या केसमध्ये हा प्रश्न निकालात काढला. जीएस-१३ वरच्या दोन सरकारी वकिलांचं म्हणणं होतं की आमचं काम १४ चं आहे, फरक द्या. कोर्ट म्हणालं की चुकीच्या क्लासिफिकेशनच्या काळाचा मागचा पगार मिळायचा हक्क हा कायदा देत नाही. कटू आहे पण तसं आहे, जिंकलात तर पुढचं मिळणार. म्हणून अपील करायचंच असेल तर वर्षानुवर्षं लांबवू नका.

चौथी पायरी: अपील लिहा

ठरलेला मोठा फॉर्म वगैरे काही लागत नाही, पत्र असतं. त्यात तुमचं नाव, पत्ता, फोन, एजन्सी आणि ऑफिसचं ठिकाण, आत्ताचं टायटल-सिरीज-ग्रेड, तुम्हाला काय हवंय, अधिकृत पीडीची कॉपी, पीडी बरोबर आहे की नाही त्याचं निवेदन, एजन्सीचा निर्णय असेल तर तो, आणि कारणं. प्रतिनिधी असेल तर त्याचं नाव. ऑर्ग चार्ट आणि परफॉर्मन्स स्टँडर्ड्स पण जोडा, मागतातच.

कारणं लिहिताना फॅक्टरप्रमाणे लिहा. आधी एजन्सीने दिलेली लेव्हल, मग तुम्ही मागताय ती लेव्हल, त्या वरच्या लेव्हलच्या वर्णनातला मुद्दा, आणि त्याच्या खाली तुमच्या कामातलं खरं उदाहरण. "मी अतिशय क्लिष्ट आणि महत्त्वाचं काम स्वतंत्रपणे करतो" हे वाक्य कोणीही कुठल्याही नोकरीबद्दल लिहू शकतं, त्याने काही हलत नाही. त्याऐवजी असं: "दोन जुन्या सिस्टीम्सचा डेटा एकत्र करताना एजन्सीच्या सिक्युरिटी पॉलिसीत या परिस्थितीबद्दल काहीच नव्हतं, पूर्वीचं उदाहरण नव्हतं, मी तीन पर्याय तयार करून त्यातला एक सुचवला, तो मंजूर झाला आणि आता बाकीची रीजनल ऑफिसेस तीच पद्धत वापरतात." या एका वाक्यात गाइडलाइन्स पण आल्या, गुंतागुंत पण आली, आवाका पण आला, आणि जोडीला तो मेमो लावला की झालं.

बॉसबद्दल तक्रारी, एचआरने कसं वागवलं, भेदभाव झाला, हे या पत्रात नको. भेदभाव झाला असेल तर त्याला ईईओचा (समान संधीच्या तक्रारींचा) वेगळा मार्ग आणि वेगळ्या मुदती आहेत. इथे फक्त काम.

आणि एक फुकटची शिदोरी: ओपीएम आपले जुने अपील निर्णय नावं काढून साईटवर टाकतं. तुमच्या सिरीजचे चार-पाच निर्णय वाचा. हरलेले जास्त वाचा, कारण लोक काय म्हणाले आणि ते का चाललं नाही हे त्यात अगदी फॅक्टर बाय फॅक्टर लिहिलेलं असतं, आणि पत्र लिहिण्याची भाषा आपोआप जमते.

पाचवी पायरी: मुलाखत

कागद गेले की तुमच्याशी आणि तुमच्या सुपरवायझरशी वेगवेगळं बोलणं होतं, बहुतेक वेळा फोनवर, कधी प्रत्यक्ष येऊन, ज्याला डेस्क ऑडिट म्हणतात. घाबरायचं काही नाही, परीक्षा नाहीये, पण तयारी हवी. ते विचारतात की काम कुठून येतं, तुम्ही पहिलं काय करता, कुठे अडता, कोणाला विचारता, कोण तपासतं, निर्णय शेवटी कोण घेतं. उत्तर देताना "आम्ही" म्हणू नका. आपल्याला नम्रपणाची सवय, टीमने केलं असं पटकन तोंडातून जातं, आणि समोरचा लिहून घेतो की काम टीमने केलं. तुम्ही केलं असेल तर "मी केलं" म्हणा. आणि फुगवून पण सांगू नका, कारण नंतर तोच प्रश्न सुपरवायझरला विचारणार, दोन उत्तरं जुळली नाहीत की तुमचंच म्हणणं कच्चं पडतं.

समोर दोन-तीन कामाचे नमुने ठेवा, नुकतेच केलेले, नेहमीच्या कामातले. सगळ्यात भारी प्रोजेक्ट जर एकदाच झालेला असेल तर तो सांगा, पण तो एकदाच झालाय हेही सांगा.

यात महिने जातात. मध्ये त्यांनी काही माहिती मागितली आणि तुम्ही दिली नाहीत तर अपील रद्द करू शकतात. दुसऱ्या नोकरीवर गेलात, पोझिशन सोडलीत, तरी सहसा रद्द होतं, कारण खुर्चीच तुमची राहिली नाही (मागच्या तारखेच्या पगाराचा प्रश्न असेल तर वेगळं).

निर्णय आल्यावर

ओपीएमचा निर्णय म्हणजे सर्टिफिकेट असतं, ते एजन्सीवर, पेरोलवर, सगळ्यांवर बंधनकारक. एजन्सीला आवडलं नाही म्हणून दुर्लक्ष करता येत नाही. निर्णयाच्या तारखेनंतरचा चौथा पे पिरियड सुरू होईपर्यंत तो लागू करायलाच लागतो. ग्रेड वाढली, तुम्ही त्या ग्रेडची पात्रता पूर्ण करत असाल आणि प्रमोशन झालं, तर पगार टू-स्टेप नियमाने ठरतो: आत्ताच्या ग्रेडमध्ये दोन स्टेप वर जाऊन जो आकडा येतो, नव्या ग्रेडमध्ये त्याच्याइतका किंवा त्याच्या लगेच वरचा. नवीन एसएफ-५० आली की हा आकडा स्वतः तपासा, एचआरवर सोडू नका.

हरलात तर पुढे अपिलाची पायरी नाही. एमएसपीबीकडे (फेडरल कर्मचाऱ्यांची बाकीची अपिलं ऐकणारं बोर्ड) क्लासिफिकेशन चालत नाही. ओपीएमला फेरविचाराची विनंती करता येते पण ते त्यांच्या मर्जीवर, आणि निर्णय चुकला असल्याचा ठोस पुरावा किंवा मुद्दा असेल तरच, "मला पटलं नाही" एवढ्यावर कोणी फाईल परत उघडत नाही.

पण निर्णयाचा कागद फेकू नका. कुठल्या फॅक्टरमध्ये तुम्ही किती कमी पडलात ते त्यात लिहिलेलं आहे. ४५ पॉइंट कमी पडले असतील तर कुठल्या प्रकारचं काम मिळालं की ते भरून निघतील हे आता तुम्हाला सुपरवायझरपेक्षा जास्त कळतं, पुढच्या परफॉर्मन्स प्लॅनच्या मीटिंगमध्ये नेमकं तेच काम मागा, मिळालं की पीडीत लिहून घ्या, आणि काम खरंच बदललं की नव्या पीडीवर नवीन अपील करता येतं. नाहीतर दुसऱ्या ऑफिसातली उघडी जीएस-१२ ची जागा यूएसएजॉब्स या फेडरल नोकऱ्यांच्या साईटवर शोधून अर्ज टाका, खरं सांगायचं तर बऱ्याच जणांसाठी तोच रस्ता लवकरचा ठरतो.